लोकोत्तराची साक्ष
(माहूर येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



देवीच्या पायऱ्या उतरणाऱ्या भाविकाच्या तळहातावर जेथे कुटलेल्या तांबुलाचा ओला गोळा असतो आणि कानांत गोंधळ्याचे संबळ घुमत असते, अशा या क्षेत्री सुपरहिरोंच्या चित्रपटांवर बोलतो असे मी कळविले, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी पत्रिका छापण्यापूर्वी मला दोनदा विचारून घेतले, आणि त्यांचा संकोच मला समजला. कारण अंगाला घट्ट बसणारा रंगीत पोशाख घालून इमारतींवरून झेपा टाकणारा परदेशी तरुण आणि रेणुकामातेचे हे पुरातन ठाणे यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु हा डोंगर ज्याची आठवण सांगतो तो रेणुकेचा पुत्र परशुराम कोण होता, याचा विचार केला म्हणजे तो संकोच पुष्कळसा मावळतो. अलौकिक सामर्थ्य, हाती एकच ठरलेले शस्त्र, पित्याच्या हत्येतून उपजलेली प्रतिज्ञा आणि त्या प्रतिज्ञेने झपाटलेले आयुष्य, ही सामग्री १९३८ साली सुपरमॅन आणि पुढल्याच वर्षी बॅटमॅन चित्रकथांतून अवतरले त्याच्या कित्येक शतके आधीपासून आपल्या पदरी आहे. तेव्हा विषय परका नाही. प्रश्न इतकाच की, असा नायक ग्रंथातून किंवा चित्रकथेतून उठून पडद्यावर आला म्हणजे कधी तो आपल्याला मनोमन पटतो, आणि कधी कोट्यवधी रुपयांचा चुराडा होऊनही आपल्याला जांभई येते, असे का व्हावे?

माझे एक चुलते निजामी अमदानीत मुन्सफाच्या कचेरीत अहलकार होते. इजलासापुढे जन्म काढलेल्या या गृहस्थांचा एक सिद्धान्त होता. ते म्हणत, साक्षीदार मोठ्या गोष्टीत फुटत नसतो. खून डोळ्यांनी पाहिला असे शपथेवर सांगणारा मनुष्य खुनाची हकीकत घोटून पाठ करूनच आलेला असतो. त्याला विचारावे, बाबा, तू गाडीतून चालला होतास ना, मग डावीकडे कोणता बैल जुंपला होता? तेथे जो अडखळत नाही, त्याची बाकीची जबानी मुन्सफ निमूटपणे कागदावर घेतो. मला वाटते, चित्रपटाचा प्रेक्षक हा असाच एक मुन्सफ आहे. माणूस आकाशात उडतो, या मुद्द्याची रुजुवात तो कधीच मागत नाही. तो मुद्दा त्याने तिकीट काढतानाच मंजूर करून टाकलेला असतो. त्याची सारी उलटतपासणी चालते ती डाव्या बैलाविषयी.

ही गोष्ट मला प्रथम उमगली ती माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, तंबूतल्या सिनेमात. पडद्याच्या मागल्या अंगास बसणाऱ्यास तिकीट कमी पडे, म्हणून आम्ही पोरे तेथेच धुळीत बसकण मारीत असू. त्या बाजूने सारी सृष्टीच उफराटी दिसे; पाटीवरील अक्षरे उलटी, आणि देवदेखील चक्र सोडी ते डाव्या हाताने. देव अंतर्धान पावले, राक्षसाचे मस्तक धडावेगळे होऊन हसू लागले, तरी आमच्यापैकी एकाही पोराने हूं की चूं केले नाही. पण एका प्रसंगी देवाने वर देण्यासाठी हात उंचावला आणि त्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण स्पष्ट दिसली. तंबूत जो हशा पिकला तो देव अदृश्य झाल्यावरही थांबेना. सहा-सात वर्षांच्या आम्ही पोरांनी आकाशगमनाला बिनशर्त माफी दिली होती. त्या बोटभर रुंदीच्या पट्ट्याला मात्र दिली नाही.

आपल्या साहित्यशास्त्राला हे मर्म अवगत होते. रसास्वादाच्या मार्गात आडव्या येणाऱ्या विघ्नांची मोजदाद करताना अभिनवगुप्ताने पहिले विघ्न सांगितले आहे ते 'संभावनाविरह', म्हणजे 'हे असे घडू शकेल' असे प्रेक्षकाला न वाटणे. त्यावर त्याने दिलेला उपाय मोठा व्यवहारी आहे. सामान्य व्यवहारातली कथा असेल तर प्रेक्षकाचे हृदय आपोआप जुळते. परंतु पराक्रम लोकोत्तर असेल तर नायक रामासारखा प्रख्यात घ्यावा, कारण अखंड प्रसिद्धीमुळे त्याच्याविषयीची श्रद्धा लोकांच्या मनात अगोदरच खोल रुजलेली असते. आजच्या भाषेत बोलायचे तर रूपांतरकाराला पहिल्या दिवशीच भांडवल मिळते ते नायकाच्या पूर्वकीर्तीचे. मात्र हे भांडवल बक्षीसपत्राने मिळत नाही, ते कर्जाऊ मिळते; आणि त्याची फेड प्रत्येक प्रसंगात हप्त्याहप्त्याने करावी लागते.

हे भांडवल मराठी पडद्यावर प्रथम गुंतविले ते दादासाहेब फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली झाला, १९१७ च्या 'लंकादहना'त मारुती उडाला. आणि त्याच चित्रपटात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या असता प्रेक्षकांनी त्यास हरकत घेतली नाही. पण माझ्या मते फाळक्यांची खरी कमाल १९१९ च्या 'कालिया मर्दना'त आहे. त्यात कृष्ण झाली त्यांची चिमुरडी कन्या मंदाकिनी. आणि फाळके चित्रपटाच्या आरंभी काय करतात, तर आपल्या मुलीचा साधा चेहरा पडद्यावर आणून तिच्याकडून निरनिराळे भाव करवून दाखवितात, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा बाळकृष्ण करतात. ही फाळक्यांची पोर, हे त्यांनी प्रेक्षकापासून लपवून ठेवले नाही. उलट तेच आधी नजरेस आणून दिले, आणि मग त्या पोरीला कालियाच्या फणेवर नाचविले. रंजन या शब्दाचा अर्थ मला येथे गवसतो. हे खोटे आहे असे ठाऊक असताना खरे वाटू देण्याचा जो आनंद, तो फसवणुकीच्या आनंदाहून निराळा आहे. फसलेला मनुष्य नंतर चिडतो, आणि कृष्ण पाहून आलेला मनुष्य घरी जाऊन त्या मुलीचे कौतुक करतो.

विश्वसनीयतेची दुसरी पायरी चढली ती 'प्रभात' कंपनी. दामले आणि फत्तेलाल यांच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'चा व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवात १९३७ साली गौरव झाला, हे आपण जाणताच. त्यात चमत्कारांना तोटा नाही, आणि अखेर तर आकाशातून वैकुंठीचे विमान उतरते. आजच्या यंत्रकौशल्याच्या मानाने ते विमान बाळबोधच म्हणावे लागेल. तरी ते आपण हसण्यावारी का नेत नाही? त्याचे कारण तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील प्रसन्नतेत जितके आहे, तितकेच गौरी या नटीने उभ्या केलेल्या जिजाईत आहे. म्हैस धुणारी, चुलीपुढे बसून नवऱ्याच्या भोळेपणावर तोंड सोडणारी, आणि मूल आजारी पडताच पायातली वहाण हाती घेऊन खुद्द पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरणारी ही बाई त्या चित्रपटातला आमचा डावा बैल आहे. तिची म्हैस खरी, तिचा संताप खरा, तिच्या घरातला दाण्यांचा तुटवडा खरा. म्हणून तिच्या अंगणावरून जाणारे विमानही आम्ही खरे मानतो. विमानात बसून जाणाऱ्याची साक्ष कोण घेणार? साक्ष घ्यायची ती मागे राहिलेल्या माणसाची. माझे आजचे सांगणे एका वाक्यात इतकेच आहे: लोकोत्तर नायक आपल्याला पटतो तो त्याच्या सामर्थ्यामुळे नव्हे, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या साध्या माणसामुळे, आणि पुष्कळदा तो साधा माणूस त्याच्या स्वतःच्याच अंगात दडलेला असतो.

या उत्तरार्धाचे उदाहरण सातासमुद्रांपलीकडून घेतो. रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकाने १९७८ साली 'सुपरमॅन' काढला, तेव्हा 'सत्याभास' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पाटीच त्याने आपल्या कचेरीत लावून ठेवली होती. त्या चित्रपटात उड्डाणाचे देखावे पुष्कळ आहेत. पण माझ्या लक्षात राहिला तो एक विनाउड्डाणाचा क्षण. नायिका आतल्या खोलीत गेली आहे, आणि बाहेर तिचा बावळट सहकारी क्लार्क एकटा उभा आहे. तो चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, पाठीचा कणा ताठ करतो, आवाज खोल जातो. आता हा सारे सांगून टाकणार असे वाटते, तोच त्याचा धीर सुटतो, चष्मा पुन्हा नाकावर चढतो, पाठीला पोक येते, आणि पुन्हा तोच चाचरणारा क्लार्क. ख्रिस्तोफर रीव्ह या नटाने ना झगा वापरला ना यंत्र. एका पाठीच्या कण्याने त्याने सिद्ध केले की क्लार्क आणि सुपरमॅन हे दोघे एकच आहेत, आणि एकच असणे किती अवघड आहे. तसेच २००४ सालच्या दुसऱ्या 'स्पायडरमॅन'मध्ये भरधाव आगगाडी अंगाच्या बळावर थांबवून नायक बेशुद्ध पडतो, तेव्हा डब्यातले उतारू त्याला हातोहात उचलून आत घेतात आणि उघड्या पडलेल्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. तो आपल्या पोराच्या वयाचा एक पोरगा आहे, एवढेच त्यांना दिसते. आगगाडी थांबली याचा खरा पुरावा तेथे रुळांवर नाही. तो उतारूंच्या मुद्रेवर आहे.

आता ही साक्ष जेथे घेतलीच जात नाही तेथे काय घडते, तेही बोलले पाहिजे. अलीकडच्या पुष्कळ चित्रपटांत अखेरच्या अर्ध्या तासात शहरे कोसळतात, वीस-वीस मजल्यांच्या इमारती पत्त्यांसारख्या ढासळतात, आणि धूळ खाली बसण्याच्या आत नायक काहीतरी विनोद करून मोकळा होतो. ज्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ठाऊक आहे, गणपती बोळवून निजलेली किल्लारीची आणि सभोवारची गावे दगडमातीच्या भिंतींखाली कशी गाडली गेली हे ज्यांनी पाहिले किंवा घरच्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्या नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाला कोसळणारी भिंत म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. भिंत पडली म्हणजे तिच्याखाली कोणाचे तरी नाव असते. ज्या चित्रपटात असल्या नुकसानीचा पंचनामा होत नाही, एकाही घराचा मालक ढिगाऱ्यापाशी येऊन उभा राहत नाही, तेथील नायकाचा विजयही आम्हांला परक्याच्या हिशेबातल्या रकमेसारखा वाटतो. आकडा मोठा, पण आपल्या खात्यावर काही जमा नाही. सामर्थ्याला हद्द नसली की भय उरत नाही, आणि भय गेले की उत्कंठाही त्याच्यामागोमाग जाते.

मराठीत सुपरहिरो थोडेच. मुखवटा घातलेला नायक 'बाजी' या चित्रपटाने २०१५ साली आणून पाहिला. परंतु प्रख्यात नायकाच्या रूपांतराचा खरा कस लागला तो २०१७ च्या 'फास्टर फेणे'त. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे उडत नाही की भिंतीही चढत नाही. अंगकाठीने किडकिडीत, अंगात चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल, आणि आश्चर्य वाटले की टाळ्याला जीभ लावून काढलेला तो 'ट्टॉक' आवाज, एवढीच त्याची आयुधे. परंतु ज्या पिढ्यांनी त्याला बालपणी वाचले, त्यांच्या लेखी तो कोणत्याही उडत्या वीराहून उणा नव्हता. म्हणजे अभिनवगुप्ताने सांगितलेली पूर्वकीर्ती येथे हजर होती, आणि तिचे कर्जही होते. आपल्या लातूरच्या रितेश देशमुखांची निर्मिती आणि आदित्य सरपोतदारांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटाने बनेशला वयाने वाढविले, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या निमित्ताने पुण्यात आणले, आणि परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या काळ्या बाजारात ढकलले. एवढे बदल केल्यावर जुन्या वाचकाने तक्रारअर्ज दाखल करायचा, पण तो सहसा करीत नाही. याची कारणे मला दोन दिसतात. पहिले असे की, वय आणि गुन्हा बदलूनही तो 'ट्टॉक' त्यांनी जसाच्या तसा ठेवला. काय बदलावे आणि काय बदलू नये, हा विवेक म्हणजेच रूपांतर. आणि दुसरे कारण अधिक चतुर आहे: बनेश ज्यांच्या घरी उतरतो ते वृद्ध गृहस्थ खुद्द भा. रा. भागवतच असतात, आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकर करतात. मूळ लेखकच पडद्यावर साक्षीदार म्हणून हजर केल्यावर वाचकाने आणखी कोणता दाखला मागावा? शिवाय अमेय वाघच्या चपळ नायकासमोर गिरीश कुलकर्णींचा अप्पा आहे, आणि तो आरडाओरडा करीत नाही. शेजारच्या वाड्यात राहत असेल असा तो खलपुरुष आहे, म्हणूनच त्याचे भय वाटते.

श्रोतेहो, आरंभी परशुरामाचे नाव घेतले, आणि त्याच्यापाशीच येऊन थांबतो. येथील क्षेत्रकथा आपण माझ्याहून अधिक वेळा ऐकलेली आहे. पित्याचे कलेवर कावडीच्या एका पारड्यात आणि आई दुसऱ्या पारड्यात घेऊन तो या डोंगरावर आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून अंत्यविधी झाला, आणि आई सती गेली. पुढे मातृवियोगाने तो व्याकुळ झाला, तेव्हा आई भूमीतून पुन्हा प्रकट होईल, मात्र मागे वळून पाहू नकोस, अशी आज्ञा झाली. आणि ज्याने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, त्या वीराला तेवढे मात्र जमले नाही. त्याने वळून पाहिले. तोवर मुख तेवढेच वर आले होते, तेवढेच राहिले.

कथा रचणाऱ्याच्या हाती सारे होते; आईला सबंध प्रकट करण्यास त्याला कोणाची परवानगी घ्यावी लागणार नव्हती. पण त्याने परशूला हद्द घातली, आणि ती घातली मुलाच्या अधीरपणाची. आज दुपारी मी वर जाऊन आलो. माझ्यापुढे एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन उभी होती, आणि त्या मुलाने तिला विचारले, आई, देवीचे तोंडच का? तिने त्याला सारी कथा सांगितली. ती ऐकून त्या मुलाने ना परशुरामाचा पराक्रम विचारला, ना त्याच्या परशूचे वजन विचारले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, मी पण बघितलं असतं.

चित्रपट काढणाऱ्यांनी ही साक्ष नोंदवून घ्यावी, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.