संगणकप्रणालीची निवड : आधी काम, मग साधन

(कराड येथे सहकारी संस्थांचे सचिव, संचालक व अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



संगणकाच्या विषयावर बोलण्यासाठी आपण एका कला शाखेच्या पदवीधराला पाचारण केले, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. मग ध्यानात आले, की यंत्र कसे चालते हे सांगणारे जाणकार या सभागृहात पुष्कळ आहेत. ते यंत्र कोणासाठी आणि किती वर्षे चालवावयाचे, हा प्रश्न मात्र सामान्य माणसानेही विचारावा असा आहे.

संस्थेचा कारभार सांभाळणारी मोठी प्रणाली उभारताना ॲप्लिकेशन सर्व्हर घ्यावा, की वेब फ्रेमवर्कवर भागवावे, असा आजचा विषय आहे. विक्रेते हा प्रश्न बैलजोडी घ्यावी की ट्रॅक्टर, अशा थाटात मांडतात. वस्तुतः या एका जातीच्या वस्तूच नव्हेत.

आपल्या सोसायटीचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. तेथे छापील वह्या असतात. कीर्द, खतावणी, सभासद नोंदवही यांचे रकाने आधीच आखलेले असतात. सचिवाला रोज रेघा ओढीत बसावे लागत नाही. वेब फ्रेमवर्क म्हणजे अशा आखीव वह्यांचा संच. अर्ज स्वीकारणे, तो तपासणे, नोंद करणे आणि उत्तर पडद्यावर दाखविणे, या नित्याच्या कामांचे साचे त्यात तयार असतात. ॲप्लिकेशन सर्व्हर ही त्या कार्यालयाची व्यवस्था होय. एकाच वेळी आलेल्या शेकडो माणसांना खिडक्या वाटून देणे, प्रत्येकाची ओळख पटविणे, माहितीसाठ्याच्या किल्ल्या मोजक्या ठेवून त्या आळीपाळीने वापरू देणे आणि अर्धवट व्यवहार होऊ न देणे, ही त्याची कामे.

यांतील शेवटचे काम सर्वांत मोलाचे आहे. उसाचे बिल निघते, त्यातून सोसायटीच्या पीककर्जाची वसुली कापली जाते आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात पडते. या तिन्ही नोंदी एकदम झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही होता कामा नये. मधेच वीज गेली, वसुली कापली गेली आणि खात्यात पैसे पडलेच नाहीत, तर संगणकाला त्याचे सोयरसुतक नसते. पण मुलीचे लग्न काढून बसलेल्या शेतकऱ्याला रात्रभर झोप लागत नाही. व्यवहार सर्व किंवा शून्य, हा नियम पाळणे हीच मोठ्या प्रणालीची खरी कसोटी आहे.

हे जड काम सर्वांना एकसारख्या रीतीने करता यावे म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ च्या अखेरीस जावा भाषेसाठी जे-टू-ईई हे मानक जाहीर केले. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही ॲप्लिकेशन सर्व्हरांची नावे त्या काळात गाजली. बँका आणि विमा कंपन्यांनी ते घेतले. पण लहानशा कामासाठीही मोठे जोखड मानेवर येते, अशी तक्रार लवकरच सुरू झाली. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली एका ग्रंथात ती सविस्तर मांडली आणि त्यातूनच स्प्रिंग हे फ्रेमवर्क उभे राहिले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली. त्याच वर्षी रेल्स आणि २००५ साली जँगो लोकांसमोर आले. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, हे सांगताना माहिती खात्यातील माणसाला थोडा अभिमान वाटल्यास आपण क्षमा करावी. २०१४ साली आलेल्या स्प्रिंग बूटने तर लहानसा सर्व्हर प्रणालीच्या पोटातच बसविला. अशा रीतीने, पूर्वी ज्या सोयींसाठी स्वतंत्र ॲप्लिकेशन सर्व्हर घ्यावा लागे, त्यांतील बहुतेक फ्रेमवर्कच्या गाठोड्यात आल्या.

मग निवड कशी करावी? खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा आपण सर्वांनी पाहिला आहे. कालव्याखाली अनेक गावे येतात. पाळी ठरलेली असते, पाटकरी नेमलेला असतो. व्यवस्था मोठी, खर्च मोठा, पण शिस्त एक. ज्याची विहीर स्वतःची, तो मनास येईल तेव्हा मोटर सुरू करतो. मात्र मोटर जळाली तर त्यालाच धावावे लागते. अनेक प्रणाली एका व्यवस्थेखाली चालवावयाच्या असतील, एकच व्यवहार दोन-तीन वेगळ्या माहितीसाठ्यांना एकदम स्पर्श करीत असेल आणि देखरेखीसाठी जाणता कर्मचारीवर्ग असेल, तेथे ॲप्लिकेशन सर्व्हरचा कालवा उपयोगी आहे. एकाच माहितीसाठ्यावर चालणाऱ्या मध्यम पतसंस्थेला चांगले फ्रेमवर्क आणि साधा सर्व्हर एवढी विहीर पुरते. सर्व किंवा शून्य हा नियम तेथेही पाळता येतो. मोठेपणासाठी कालवा खोदू नये आणि काटकसरीसाठी विहिरीवर दहा गावे जगवू नयेत.

एक अनुभव सांगतो. माझ्या परिचयाच्या एका संस्थेने एका हुशार मुलाकडून प्रणाली करून घेतली. काम सुरेख झाले. फ्रेमवर्क त्याच्या आवडीचे, मांडणीही त्याचीच. पुढे त्याला पुण्यास नोकरी लागली, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बिलाचा नमुना बदलावा लागला. प्रणाली उघडून दुरुस्त करील असा एकही माणूस संस्थेत नव्हता. लेखी टिपण नव्हते, आज्ञावलीची मूळ प्रतही हाती नव्हती. पुढील तीन महिने सचिवांनी रात्री बसून बिले हाताने लिहिली. निवड फ्रेमवर्कची झाली होती. माणसांची आणि कागदपत्रांची झालीच नव्हती.

हा धोका नामांकित कंपनीची वस्तू घेतल्याने टळतो, असेही समजू नये. वेबलॉजिक बनविणारी मूळ कंपनी १९९८ साली बीईएने घेतली आणि २००८ साली बीईएच ओरॅकलने विकत घेतली. जावाचे हे मानक २०१७ साली एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे ठरले. पुढे त्याचे नाव जकार्ता ईई झाले आणि २०२० च्या आवृत्तीत आतील नावेही बदलल्याने जुन्या आज्ञावलींत दुरुस्त्या कराव्या लागल्या. मालक बदलतो, नाव बदलते. आपले दप्तर मात्र आपल्यालाच सांभाळावे लागते.

दुसरा धडा अमेरिकेतून आला. इक्विफॅक्स ही पतविषयक माहिती ठेवणारी बलाढ्य कंपनी स्ट्रट्स हे फ्रेमवर्क वापरीत होती. त्यातील एक दोष मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला आणि त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध झाली. कंपनीने ती वेळेवर बसविली नाही, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती चोरांच्या हाती गेली. दोषावर औषध होते. ते घेतले गेले नाही.

आता राज्याराज्यांतील प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण एका समान प्रणालीवर करण्याची योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० संस्थांसाठी २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. हा कालव्याचाच मार्ग आहे. तेथे साधन निवडणे सचिवांच्या हाती नाही. पण जुन्या वह्यांतील शिल्लक अचूक चढविणे आणि प्रत्येक सभासदाची थकबाकी पडताळणे त्यांच्याच हाती आहे. कालव्याला पाणी आले तरी शेतातील पाट आपल्यालाच मोकळे ठेवावे लागतात.

स्वतःची प्रणाली घेणाऱ्या संचालकांना मी चार प्रश्न सुचवितो. अर्धवट व्यवहार परत कसा फिरतो, हे वीज बंद करून प्रत्यक्ष दाखवाल काय? सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण बसविणार आणि किती दिवसांत? हे साधन जाणणारी माणसे सातारा-सांगली भागात मिळतील काय? आणि उद्या आम्ही तुम्हांस सोडले, तर आमची माहिती व आज्ञावलीची मूळ प्रत आमच्या हाती राहील काय? विक्रेता शेवटच्या प्रश्नावर अडखळला, तर साधन कोणतेही असो, करारावर सही करू नये. भारत सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागेही एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधले जाऊ नये हा विचार आहे.

विद्यार्थी मित्रांना एकच विनंती आहे. आपण नवे फ्रेमवर्क अवश्य शिकावे; पण काम पुरे करताना, आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी चार पाने टिपण मराठीत लिहून ठेवावे. यशवंतरावांच्या या कराडात सहकार म्हणजे काय, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्यामागे काम करणाऱ्याची सोय पाहणे, हाही सहकारच आहे.