शब्दांवाचूनचा आकांत



अंगणवाडीतील साडेतीन-चार वर्षांचे एखादे मूल अकस्मात जमिनीवर लोळण घेते, भिंतीवर डोके आपटू लागते, जवळ आलेल्या हाताला चावते. भोवतालची मंडळी 'हट्टी आहे', 'लाडावले आहे' असा निवाडा देऊन मोकळी होतात. कोणी दृष्ट काढावयास सुचवितो. परंतु ज्या मुलास 'नको', 'दुखते', 'पुरे' हे शब्द उच्चारताच येत नाहीत, त्याने आपले म्हणणे मांडावे तरी कसे? त्याचा आकांत हीच त्याची भाषा होय.

हट्ट करणारे मूल मधूनमधून आईकडे पाहत असते आणि वस्तू हाती पडताच बहुधा निवळते. तोल गेलेले मूल वस्तू दिली तरी थांबत नाही, कारण थांबणे त्याच्या हाती उरलेले नसते. अशा वेळी 'बोल, काय हवे ते बोल' असा आग्रह धरणे म्हणजे आगीत तेल ओतणे. त्या घटकेला शब्द जितके कमी, तितके बरे. टोकदार वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली घडी केलेली वाकळ सरकवावी आणि एकाच परिचित व्यक्तीने शेजारी शांतपणे बसावे.

स्वतःला शांत करण्याची शक्ती मुलाला जन्मतः लाभत नाही. प्रथम दुसऱ्याच्या मांडीवर, पाळण्याच्या झोक्यात, अंगाईच्या संथ सुरात ते शांत होते. पुढे तीच लय ते स्वतः धरू लागते. बोलण्यात अडचण असलेल्या मुलाच्या बाबतीत हा प्रवास लांबतो, इतकेच. मात्र त्याचे शिक्षण आकांताच्या वेळी होत नसते. विहिरीत पडलेल्याला पोहणे शिकवीत नाहीत. मूल खेळीमेळीत असताना रोज थोडा वेळ हा सराव व्हावयास हवा: भिरभिऱ्यावर हळूहळू फुंकर घालणे, जेणेकरून श्वास लांबतो, वाकळ अंगाभोवती लपेटून बसणे, तोंड उघडे ठेवून आणि हवे तेव्हा बाहेर पडता येईल अशा रीतीने, ठरलेल्या कोपऱ्यातील चटईवर स्वतः जाऊन बसणे. याच्या जोडीला 'पुरे' या अर्थाची हाताची एक खूण शिकवावी. खुणा शिकविल्याने मूल बोलावयाचे राहून जाईल ही भीती निराधार आहे. अशा खुणा वाणीच्या आड येत नाहीत. मुलाने खूण करताच गोंगाट खरोखरीच थांबविला पाहिजे. खूण करूनही कोणी ऐकत नाही असा अनुभव दोनदा आला, की मूल पुन्हा भिंतीकडे वळते.

रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल देण्याची प्रथा हल्ली खेड्यापाड्यांतही रुजली आहे. त्याने रडे थांबते. शांत होण्याची विद्या मात्र येत नाही.

धाराशिव जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. उमरगा परिसरात काही घरांतून कन्नड बोलली जाते, तर तांड्यांवर गोरमाटी. घरी घडाघडा बोलणारे मूल अंगणवाडीत गप्प राहिले, तर तो दोष नव्हे. ती परकी भाषा आहे. ज्यास घरीही संवाद साधत नाही, त्याची श्रवणशक्ती प्रथम तपासून घ्यावी. कान फुटणे, बद्धकोष्ठता, अपुरी झोप यांमुळेही मूल आकांत करते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. पथक येईल त्या दिवशी हे मूल घरी ठेवण्याकडे पालकांचा कल असतो; सेविकेने नेमके त्यालाच आणवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व, श्रवणदोष आणि स्वमग्नता यांचा स्पष्ट समावेश आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. चटई, वाकळ, चित्रांचे तक्ते यांना खर्च तो किती! तरीही हा निधी पडून राहू नये याकडे सदस्यांनीच लक्ष पुरवावयास हवे.

खरी कसोटी घराबाहेर लागते. नवरात्रात तुळजापुरी संबळाचा नाद आणि यात्रेकरूंची दाटी असते. मोठ्यांना जो नाद भक्तीचा, तो अशा मुलाला असह्य होऊ शकतो. त्यास गर्दी नसलेल्या वेळी न्यावे, आणि कानांवर हात ठेवताच बाजूला घ्यावे. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीस निघतात, तेव्हा महिनोन् महिने जुळविलेली घडी एका दिवसात विसकटते. कोपरा गावातच राहतो. म्हणून निघण्यापूर्वी सेविकेने 'पुरे'ची खूण आईबरोबरच वडिलांना, थोरल्या भावंडांना आणि कोपीत शेजारी राहणार असतील त्यांनाही करून दाखवावी. मूल आजीपाशी मागे राहणार असेल तर आजीला. आणि ती वाकळ, जुनी आणि फाटकी असली तरी, न धुता गाठोड्यात बांधून द्यावी. तिच्या ओळखीच्या वासाने मुलाची पहिली रात्र निभावते.