गंज आणि शाई



लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं, हे घरोघरी ठाऊक आहे. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की हा काळा-निळा रंग तयार होतो. जुने रंगारी हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं करीत. शाईही तशीच होई. मी कवी माणूस, माझं नातं शाईशी. पण हीच शाई लोखंडाला गंजापासून राखते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. कोकण किनाऱ्यावरची खारी हवा त्याला आणखी हात देते. गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि आतलं लोखंड खातच राहतो. सैल गंज खरवडून टॅनिक आम्लाचं द्रावण लावलं, तर उरलेल्या गंजाचं काळं लोह टॅनेट होतं. हा थर गंजापेक्षा स्थिर असतो. वस्तुसंग्रहालयांत जुन्या लोखंडी वस्तूंवर हा उपचार करतात.

प्रश्न लहान नाही. गंजामुळे जगाचं दरवर्षी अडीच लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं, असा अंदाज नेस इंटरनॅशनल या संस्थेनं 2016 मध्ये मांडला. गंज रोखायला क्रोमेटचे रंग वर्षानुवर्षं वापरले गेले. पण त्यांतल्या षट्संयुजी क्रोमियमनं माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1990 मध्ये दिला. जुना रंग घासणाऱ्या मजुराच्या छातीत तीच धूळ जाते. म्हणून संशोधक कडुनिंब, मेंदी, चहा यांच्या अर्कांकडे वळले. त्यांतले रेणू धातूला चिकटून पाणी आणि आम्ल यांना अडवतात.

पण भाबडेपणा नको. झाडाचा अर्क हंगामागणिक बदलतो. प्रयोगशाळेतलं यश भर पावसात टिकेलच असं नाही. टॅनेटच्या थरावरही रंगाचा हात द्यावाच लागतो. आणि नैसर्गिक ते सारं निरुपद्रवी, असंही नव्हे. लोखंडाच्या शाईनं कित्येक जुन्या कागदांना भोकं पाडली आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात. उद्या हे फळ पुलांच्या आणि जहाजांच्या कामी आलंच, तर मजुराची छाती वाचावी आणि हिरडा वेचणाऱ्या हातांत चार पैसे जास्त पडावेत. लोखंड वाचवताना माणूस झिजू नये, एवढंच माझं मागणं आहे.