न वापरलेल्या युनिटचा हिशेब

वीजनिर्मिती केंद्राच्या कामगिरीचे मूल्यमापन तुलनेने सोपे असते. किती मेगावॅट क्षमता उभी राहिली आणि किती युनिट वीज निर्माण झाली, हे मोजता येते. नवी दिल्लीत रामकृष्णपुरम येथील सेवा भवनात मुख्यालय असलेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे काम मात्र याच्या नेमके उलट आहे. ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 अन्वये 1 मार्च 2002 रोजी ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत स्थापन झालेली ही संस्था वीज निर्माण करीत नाही. वीज कमी लागावी यासाठी मानके, नियम व प्रोत्साहने ठरविते. वाचलेली वीज कोणत्याही मीटरवर उमटत नाही. ‘योजना नसती तर किती वीज लागली असती’ या अनुमानातून प्रत्यक्ष वापर वजा करूनच ती काढावी लागते. या संस्थेच्या वार्षिक आराखड्याचे आणि अर्थसंकल्पाचे मूल्यमापन करताना सारी अडचण त्या अनुमानापाशी येऊन थांबते.

खर्चाऐवजी फळ मोजावे, हा विचार भारतात नवा नाही. प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या शिफारशीनंतर 1968 च्या सुमारास केंद्रात कार्यनिष्पादन अर्थसंकल्पाची पद्धत आली. 25 ऑगस्ट 2005 रोजी पहिला फलनिष्पत्ती अर्थसंकल्प, म्हणजेच आउटकम बजेट, संसदेत मांडण्यात आला. 2017-18 पासून योजना व योजनेतर खर्च हा भेद संपुष्टात आला आणि प्रत्येक योजनेसाठी खर्च, उत्पादित व फलनिष्पत्ती अशी मांडणी रूढ झाली. चौकट अशी सुधारत गेली. पण चौकटीत भरावयाचा आकडा कुठून येतो, हा प्रश्न कायम राहिला.

त्यासाठी ऊर्जा मंत्रालयाच्याच छत्राखालील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने राबविलेल्या ‘उजाला’ योजनेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या या योजनेत सुमारे 36.8 कोटी एलईडी दिव्यांचे वितरण झाले. अर्थसंकल्पीय अनुदान न घेता, केवळ घाऊक खरेदीच्या बळावर दिव्याची किंमत खाली आणली गेली. खर्चाचा रकाना जवळजवळ रिकामा आणि परिणाम मोठा, असे हे दुर्मीळ उदाहरण. तरतुदीच्या आकारावरून संस्थेची उपयुक्तता ठरविणाऱ्यांनी ते अवश्य लक्षात ठेवावे.

वितरित दिव्यांची संख्या हे उत्पादित झाले. फलनिष्पत्ती म्हणून वर्षाला सुमारे 48 अब्ज युनिट बचत सांगितली जाते. भागाकार केला तर एका दिव्यामागे वर्षाला 130 युनिट येतात. आता 9 वॅटच्या एलईडीने 100 वॅटच्या जुन्या दिव्याची जागा घेतली असे धरले, तर 91 वॅटची बचत होते आणि रोज चार तासांच्या आसपास वापर धरल्यास हा आकडा जुळतो. जुना दिवा 60 वॅटचा असेल, तर तोच आकडा गाठण्यासाठी नवा दिवा रोज सात तास जळावा लागेल. आणि घरात आधीच 14 वॅटचा सीएफएल असेल, तर फरक अवघा पाच वॅटचा. रोज चार तासांच्या हिशेबाने वर्षाची बचत सात युनिटांच्या थोडी वर जाते. दिवा तोच, वितरणाची नोंद तीच, पण गृहीतक बदलताच उत्तर अठरापट बदलते. यावरून योजना फसली असे मुळीच ठरत नाही. घरोघरी आधी कोणते दिवे होते आणि किती तास जळत होते, याची नमुना पाहणी हा वार्षिक आराखड्याचाच भाग असला पाहिजे, एवढे मात्र ठरते. अशा पाहणीवर होणारा खर्च लेखापालाला अनुत्पादक वाटतो. वास्तविक तिच्याविना बाकीच्या रकान्यांना अर्थ उरत नाही.

उद्योगांसाठी ब्यूरोने राबविलेल्या ‘परफॉर्म, अचिव्ह अँड ट्रेड’ अर्थात पॅट योजनेत मापनाची शिस्त पुष्कळच अधिक आहे. 2012 ते 2015 या पहिल्या चक्रात आठ क्षेत्रांतील 478 मोठ्या ऊर्जाग्राहकांना ऊर्जा वापर घटविण्याची लक्ष्ये देण्यात आली. एकूण लक्ष्य सुमारे 66.9 लाख तेलतुल्य टन होते. साध्य झाले 86.7 लाख. लक्ष्यापेक्षा 30 टक्के अधिक! अहवालाच्या दृष्टीने हे घवघवीत यश आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र येथे दुसरा प्रश्न विचारावा: उद्योगांनी कमाल केली, की लक्ष्यच सैल होते? बाजाराने त्याचे उत्तर काही अंशी दिले. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्यांना सुमारे 38 लाख ऊर्जाबचत प्रमाणपत्रे मिळाली; लक्ष्य चुकलेल्यांची गरज मात्र सुमारे 14 लाखांची होती. 2017 मध्ये व्यवहार सुरू झाल्यावर सुमारे 13 लाख प्रमाणपत्रे विकली गेली आणि उलाढाल 100 कोटी रुपयांच्या आसपास राहिली. म्हणजे एक तेलतुल्य टन बचतीला सरासरी आठशे रुपयांहूनही कमी मोल मिळाले. पुरवठा मागणीच्या अडीचपटीहून अधिक असेल, तर दुसरे काय होणार?

आणखी एक बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. उद्योगाची बचत पडताळणारे लेखापरीक्षक ब्यूरोने मान्यता दिलेले असले, तरी त्यांची नेमणूक व मानधन तो उद्योगच करतो. फेरपडताळणीची तरतूद आहे. पण तिच्यासाठी मनुष्यबळ आणि पैसा लागतो. म्हणून अर्थसंकल्प तपासताना किती कार्यशाळा झाल्या यापेक्षा किती प्रकरणे पुन्हा तपासली आणि किती आकडे दुरुस्त करावे लागले, हा निर्देशक अधिक बोलका ठरतो. 2006 मध्ये सुरू झालेल्या तारांकित लेबल योजनेलाही हेच लागू पडते. नोंदणीकृत मॉडेलांची संख्या वाढणे सोपे. बाजारातून उचललेली यंत्रे प्रयोगशाळेत लेबलाप्रमाणे उतरतात का, हे महत्त्वाचे.

मग वर्षाचा प्रश्न येतो. अर्थसंकल्प 31 मार्चला संपतो, पॅटचे चक्र तीन वर्षांचे, तर इमारतीचे आयुष्य अर्धशतकाचे. अखेरच्या तिमाहीत 33 टक्के आणि मार्चमध्ये 15 टक्के ही वित्त मंत्रालयाने घालून दिलेली खर्चमर्यादा वर्षअखेरीची घाई रोखते. त्या घाईत घेतलेल्या कामाचे फळ मात्र ती सांगू शकत नाही. बहुवार्षिक लक्ष्याचे वार्षिक टप्पे पाडून त्यांवरच तरतूद बेतणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग.

2022 च्या दुरुस्तीने या कायद्यात कार्बन क्रेडिट व्यापाराची तरतूद झाली आणि 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेचे प्रशासक म्हणून ब्यूरोकडेच जबाबदारी आली. पॅटमधील सैल आधाररेषा तिथे जशीच्या तशी उतरली, तर न झालेल्या बचतीचेही पैसे होतील.

राजधानी क्षेत्रातच या हिशेबाची आणखी एक गुंतागुंत दिसते. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये दिल्लीत तयार झाली, पण तिची अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. गुरुग्राममधील काचेच्या मनोऱ्याचा प्रश्न हरियाणाच्या संस्थेकडे, नोएडातील उत्तर प्रदेशच्या आणि महाराष्ट्रातील महाऊर्जाकडे जातो. आराखडे मंजूर करतात त्या त्या ठिकाणच्या नियोजन यंत्रणा. ब्यूरोच्या अर्थसंकल्पात राज्यांच्या संस्थांना दिलेले साहाय्य एका ओळीत दिसते. त्या ओळीसमोर किती इमारती संहितेनुसार बांधल्या गेल्या, हा आकडा मात्र नगरनियोजन कार्यालयाच्या फायलींतून गोळा करावा लागतो.