कुठल्या गटात खेळायचं, कोण ठरवणार?
(कार्यकर्त्या-शिबिरातील भाषण)


आमच्या वस्तीतल्या मुलींनी फुटबॉल क्लब काढला. लीगच्या कोणत्या गटात उतरायचं, यावर आम्हा कार्यकर्त्यांचीच बैठक झाली. ‘मुलीच त्या, खालचा गट पुरे,’ कुणीसं म्हणालं. मीही मान डोलावली. याची आज लाज वाटते.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडने २००५ मध्ये महिला संघ बंद केला. २०१८ मध्ये नवा काढला, तो थेट दुसऱ्या श्रेणीत. पहिल्याच हंगामात तो वर गेला. पाठीशी पैसा होता. उलट, चाहत्यांनी २००२ मध्ये उभारलेला एएफसी विम्बल्डन हा पुरुषांचा क्लब स्थानिक लीगपासून पाचदा बढती मिळवत २०११ मध्ये चौथ्या श्रेणीत पोचला.

म्हणजे खालून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. पण निर्णय कोणाचा आणि कशाच्या आधारावर?

शेवटी मुलींनाच विचारलं. त्यांनी हिशेब मांडला: गाडीभाडं, घरी परतायची वेळ, दहावीची परीक्षा, बदली खेळाडू किती. निवडला खालचाच गट. वर म्हणाल्या, “ताई, यंदापुरता. तसं लिहून ठेवा.”

गट तोच, पण आता तो त्यांचा आहे.