पथकप्रमुख आणि वाईट बातमी



हिंजवडीला, खराडीला अगर मगरपट्ट्याला संगणकाच्या कचेरींत नोकरीस असलेला मुलगा, मुलगी, सून किंवा जांवई ज्या घरांत आहे, असें घर पुण्यांत आतां शोधावें लागत नाहीं. सहा-सात वर्षें उत्तम काम केल्यावर एके दिवशीं त्याला बढती मिळते, घरांत पेढे वांटले जातात आणि नांवाखालीं ‘इंजिनिअरिंग मॅनेजर’ असे शब्द येतात. मग आजी विचारते, “म्हणजे आतां तूं करतोस तरी काय?” आणि या साध्या प्रश्नाचें उत्तर त्या बिचाऱ्याला देतां येत नाहीं. आजचें माझें भाषण त्या उत्तराविषयीं आहे.

हा माणूस कालपर्यंत स्वतः आज्ञावली लिहीत होता. गुंतागुंतीचा दोष निघाला कीं सारे त्याच्याकडे धांव घेत आणि तो रात्रीं बसून तो काढून देई. बढती मिळाली ती याच गुणासाठीं. आणि विलक्षण गोष्ट अशी कीं, बढतीनंतर नेमका हाच गुण त्याच्या आड येतो. आठ-दहा माणसें हाताखालीं आलीं तरी सर्वांत अवघड काम तो स्वतःकडेच ठेवतो. ‘दुसऱ्याला समजावून सांगण्यापेक्षां मीच लौकर करीन,’ हें त्याचें म्हणणें पहिल्या आठवड्यापुरतें खरेंहि असतें. परंतु तिसऱ्या महिन्यांत काय दिसतें? प्रत्येक निर्णय त्याच्या मेजापाशीं अडलेला, हाताखालचीं मुलें त्याच्या मोकळ्या वेळाची वाट पाहात बसलेलीं, आणि तो स्वतः दिवसभर बैठकींत व रात्रभर कामांत. लग्नघरचा मुख्य आचारी बटाटे सोलीत बसत नाहीं. बटाटे त्याला उत्तम सोलतां येतात. पण तो सोलीत बसला तर चुलीवरच्या चार पातेल्यांकडे पाहील कोण?

तेव्हां बिकट काम दुसऱ्यास द्यावें, आणि देतांना पुरतें द्यावें. काय हवें, केव्हां हवें आणि कोणत्या गोष्टीला धक्का लागतां कामा नये, एवढें सांगून ‘कसें’ हें त्याच्यावर सोंपवावें. खांद्यावरून रोज डोकावून पाहणाऱ्यानें काम दिलेलेंच नसतें. स्वतः लिहिण्याची हौस अगदींच सुटत नसेल, तर ज्यावर कोणाचें कांहीं अडून राहात नाहीं असें लहानसें काम घ्यावें. दुसऱ्यांनीं लिहिलेली आज्ञावली वाचणें मात्र मुळींच सोडूं नये. तें सुटलें कीं प्रमुखाला आपल्या माणसांच्या अडचणी ऐकूं येतात, पण कळत नाहींत.

मग प्रमुखानें करावयाचें तें काय? माझ्या मतें त्याचें सर्वांत मोठें काम म्हणजे, वाईट बातमी लहान असतांनाच आपल्या कानीं येईल अशी व्यवस्था करणें. पुणेकरांना हें निराळें पटवून द्यावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण फुटलें. काम पुरें झालेलें नव्हतें, तरी त्याच पावसाळ्यांत त्यांत पाणी अडविण्यांत आलें होतें. बांध खचूं लागल्यावर लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तो सांवरून धरण्याची शिकस्त केली. १८७९ सालापासून उभें असलेलें खडकवासल्याचें दगडी धरणहि त्या लोंढ्यापुढें टिकलें नाहीं. आणि नदीकांठच्या पेठांतील पुष्कळांना संकटाची खबर लागली ती पाणी दारांत आल्यावर.

धरणाच्या दुर्घटनेशेजारीं संगणकाचें काम ठेवणें कांहींना अतिशयोक्तीचें वाटेल. वाटो. बँकेची देवघेव, इस्पितळांतील नोंदी, रेल्वेचीं तिकिटें हीं सारीं आज आज्ञावल्यांवरच चालतात, आणि त्या बंद पडल्या म्हणजे कोणाचें तरी औषध चुकतें, कोणाचा तरी पगार अडतो. शिवाय मोठ्या बांधकामांत आणि या कामांत एक गोष्ट सारखी आहे. तारीख आधींच ठरलेली असते, काम मागें पडत असतें, आणि भेग ज्याला प्रथम दिसते तो मनुष्य अधिकाराच्या उतरंडींत बहुधा सर्वांत खालीं असतो.

आतां तो बोलत कां नाहीं? आपल्या शहराची ख्याति अशी कीं, येथें दुकानाच्या पाटीवरहि ‘नाहीं’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. दुपारीं एक ते चार बंद म्हणजे बंद! पण तोच पुणेकर कचेरीच्या बैठकींत, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असें विचारलें कीं मान डोलावतो. याला भित्रेपणा म्हणणें अन्यायाचें होईल. मागच्या खेपेला ज्यानें ‘होणार नाहीं’ असें सांगितलें त्याचें पुढें काय झालें, हें सगळ्यांनीं पाहिलेलें असतें. प्रमुखाच्या कपाळावरची एक आठी आठ माणसें वाचतात आणि वर्षभर लक्षांत ठेवतात. म्हणून अशुभ वार्ता घेऊन कोणी आला, तर पहिलें वाक्य ‘बरें झालें, आजच सांगितलेंत’ हें असावें, त्यानंतर ‘आतां काय करतां येईल?’ असें विचारावें, आणि ‘कोणाच्या हातून झालें?’ हा प्रश्न त्या दिवशीं तोंडांतून काढूंच नये. दोष निस्तरल्यावर तो कसा शिरला याचा छडा जरूर लावावा, लेखी लावावा; परंतु त्या टिपणांत माणसाचें नांव न घालतां कोणती तपासणी अपुरी पडली तें लिहावें. माणूस बदलला आणि तपासणी तशीच राहिली, तर नव्या माणसाच्या हातून तीच चूक होते.

प्रश्न विचारण्याचीहि एक रीत आहे. ‘काम कुठवर आलें?’ असें विचारलें कीं ‘नव्वद टक्के झालें’ हें उत्तर ठरलेलें. हे नव्वद टक्के पुढें चार आठवडे नव्वदच राहतात! त्याऐवजीं ‘चालतांना दाखवा’ असें म्हणावें. जें चालतें तेवढेंच झालें असें धरावें. मधला हिशेब ठेवूं नये. मुदत विचारतांना एक तारीख न मागतां दोन मागाव्या: सारें सुरळीत झालें तर कोणती, आणि नेहमींसारख्या अडचणी आल्या तर कोणती. दोहोंतील अंतर मोठें असेल तर त्या कामांत अज्ञात असें पुष्कळ आहे हें ओळखावें, आणि प्रथम तेंच उकलावयास घ्यावें.

पुण्याच्या पथकांत आणखी एक अडचण असते. तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. बैठक इंग्रजींत चालते, पलीकडे अमेरिकेंतला ग्राहक असतो. लातूर, सांगली, जळगांव अशा ठिकाणाहून शिकून आलेल्या मुलाला अडचण सर्वांच्या आधीं दिसलेली असते, परंतु वाक्य मनांत जुळेपर्यंत विषय पुढें गेलेला असतो, आणि त्याच्या मौनाला आपण संमति समजतों. अशा पथकाच्या प्रमुखानें बैठकीपूर्वीं दहा मिनिटें आपल्या माणसांत बसावें. मराठी, हिंदी, जी ज्याला जवळची त्या भाषेंत त्याला बोलूं द्यावें, आणि बैठकींत त्या मुलाचें नांव घेऊन त्याचा मुद्दा मांडावा. दोन-तीन वेळां असें झालें म्हणजे तो आपण होऊन बोलूं लागतो, आणि व्याकरण चुकलें तरी ग्राहकाचें कांहीं बिघडत नाहीं.

प्रत्येकाशीं आठवड्यांतून अर्धा तास एकान्तांत बोलावें असा या धंद्यांत प्रघात आहे. प्रघात चांगला; पण बहुतेक ठिकाणीं तो अर्धा तास कामाचा आढावा घेण्यांतच जातो, आणि काम वाढलें कीं प्रथम तीच भेट रद्द होते. आढावा फळ्यावरहि घेतां येतो. ही वेळ त्या माणसाची आहे. ‘या कामांत तुम्हांला सर्वांत अधिक धास्ती कशाची वाटते?’ एवढें विचारून प्रमुखानें गप्प बसावें. गप्प बसणें आम्हां पुणेकरांना जड जातें, हें मी जाणून आहें. याच बोलण्यांतून घरच्या गोष्टीहि कळतात, आणि त्या कळणें जरूरीचें आहे. ज्या बाईच्या घरीं तान्हें मूल आहे तिलाच रोज रात्रीं दहाच्या टेलिफोनवर बसविणें हें क्रौर्य आहे, मग तें अजाणतां कां होईना. अमेरिकेची सकाळ सर्वांनीं पाळीपाळीनें वांटून घ्यावी, प्रमुखानेंहि.

काम मागें पडलें कीं वरून एक मदत हमखास येते: ‘आणखी चार माणसें घ्या.’ आयबीएम कंपनीच्या सिस्टिम ३६० या यंत्रासाठीं संचालन-आज्ञावली करण्याच्या प्रचंड कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालीं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकांत असा अनुभव मांडला कीं, रेंगाळलेल्या कामांत नवीं माणसें घातलीं तर तें अधिकच रेंगाळतें. हिशेब सोपा आहे. पांच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात. दहा माणसांत पंचेचाळीस. त्यांत नव्यांना शिकविण्यासाठीं जुनींच माणसें हातचें काम टाकून उठतात. तेव्हां माणसें वाढवून घेण्यापेक्षां काम कमी करण्याची परवानगी मागावी.

काय करावयाचें नाहीं हें ठरविण्याचें एक उत्तम उदाहरण आपल्या गणेशखिंडींत घडलें. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली, डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले, आणि तीन वर्षांत भारताचा महासंगणक उभा करावयाचें ठरलें. गणना करणारी चीप आपणच घडवावी असा अट्टहास त्यांनीं धरला नाहीं. इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्स्प्यूटर तयार मिळत होते ते घेतले. आणि असे अनेक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच वेळीं काम करवून घेणें, हा प्रश्न तेवढा आपला मानला. १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. बाजारांत मिळणारी वस्तु विकत घेण्यांत कमीपणा मानला असता, तर ती मुदत पाळली गेली असती असें मला वाटत नाहीं. तरुण अभियंत्यांना सारें स्वतः घडविण्याची हौस असते, आणि असावीहि. त्या हौसेला योग्य जागा दाखविणें हें प्रमुखाकडे येतें.

आतां सर्वांत कठीण भाग. खालून आलेली वाईट बातमी प्रमुखानें वर नेली पाहिजे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं अमेरिकेंत चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाविषयीं टेलिफोनवर एक चर्चा झाली. त्याचे अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनीं सांगितलें कीं, एवढ्या थंडींत सांध्यांतील रबरी कड्यांचा भरंवसा देतां येत नाहीं, उड्डाण करूं नये. त्यांच्या वरिष्ठांनीं प्रथम तें उचलून धरलें, आणि पलीकडून नाराजी दिसतांच मागें घेतलें. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांच्या कानांवर हा विरोध गेलाच नाहीं. दुसऱ्या दिवशीं यान उडालें. ७३ सेकंदांत तें नष्ट झालें आणि सात माणसें गेलीं. अभियंत्यांनीं आपलें काम केलें होतें. बातमी अडली ती मधल्या अधिकाऱ्यांपाशीं.

म्हणून वर सांगावयाचें तें जातां-येतां, चहाच्या टेबलावर सांगूं नये. लिहून पाठवावें, आणि थोडक्यांत लिहावें. काय बिघडलें, केव्हां कळलें, आणि आतां कोणते मार्ग उरले आहेत: तारीख पुढें नेणें, अमुक भाग वगळणें, किंवा अमुक धोका पत्करून आहे तसें देणें. धोका पत्करावयाचा असेल तर तो शेवटीं कोणाला भोंवणार आहे तेंहि त्याच कागदावर असावें. पत्र पाठविण्यापूर्वीं ज्या अभियंत्यानें भेग प्रथम दाखविली त्याला तें वाचावयास द्यावें. वर जातांना आपलें म्हणणें पातळ झालें आहे कीं काय, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास कळणार नाहीं.