लाकडी फ्लोरिंगमधल्या फटी

नव्या लाकडी फ्लोरिंगला फटी पडल्या की पहिला ठपका सुतारावर येतो. बहुतेक वेळा खरा दोषी असतो तो ओलावा. लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. आतला ओलावा 4 टक्क्यांनी उतरला, की 5 इंच रुंद सागवानी फळी सुमारे 1 मिलिमीटरने आक्रसते. मुंबईच्या भर पावसाळ्यात ठोकलेल्या फळ्यांत हिवाळ्यात, त्यातून एसी असेल तर, फटी दिसणारच. कोणी म्हणेल, लाकूड सीझन केलेलं होतं, वर पॉलिशही आहे. पण सीझनिंगने जादा पाणी जातं, शोषण्याचा स्वभाव जात नाही. आणि पॉलिश वाफेला रोखत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं, तेही वरच्या अंगाने.

खालच्या अंगाचं दुखणं अधिक गंभीर. कोब्याला 28 दिवस झाले म्हणजे तो पक्का झाला, सुकला असं नव्हे. त्याची ओल फळीच्या पोटात शिरते, पोट फुगतं, कडा उचलल्या जातात. अशी फळी लगेच तासून सपाट करण्याची घाई अंगाशी येते: ओल गेल्यावर कडा खाली बसतात आणि मधला भाग उंच राहतो. आधी मॉइश्चर मीटर लावा, गळती शोधा. ऋतूनुसार उघडमीट करणाऱ्या फटीत पुट्टी भरू नका, पुढच्या पावसाळ्यात ती बाहेर ढकलली जाईल. आणि भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटर जागा मोकळी आहे ना, हे स्कर्टिंग काढून जरूर पाहा.